अर्धलीची कालवड

धर्मराज जीप घेऊन वस्तीवर आला तेव्हा चतुराबाई उंबऱ्यात बसली होती आणि उठायचं नाव घेत नव्हती.

"गायीला ने," ती म्हणाली. "मी न्हाई येनार."

"माय, छावणीत जनावरामागं मानूस लागतं. नुसती गाय कोन ठिवून घेईल?"

"मग गायीला बी नगं नेऊ."

धर्मराजनं वर बोट दाखवलं. सोप्याच्या छपरातून आभाळ दिसत होतं. कडबा संपला, झाडपाला संपला, तेव्हापासून चतुराबाई छपराचं जुनं पाचट रोज थोडं थोडं ओढून गायीपुढं टाकत होती. गाय बिचारी शहाणी, तिनं ते काळं पडलेलं, धुरकटलेलं पाचटही तक्रार न करता खाल्लं होतं.

"आता काय, भिती चारनार का तिला?" धर्मराज म्हणाला.

चतुराबाई उठली, पातेली-परात पोत्यात भरली, आणि गायीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "चल गं तांबू. आपल्याला हाकललं घरातून." हाकललं कुणी नव्हतं, पण चतुराबाईला कुणालातरी बोल लावल्याशिवाय घराबाहेर पडता येत नसे.

तिची वस्ती आष्टी तालुक्यात, डोंगराच्या उताराला. एकच घर. शेजार म्हणाल तर टेकडीपलीकडं, आणि गाव म्हणाल तर पायी तासाभराच्या वाटेवर. माहेर तिचं केजकडचं, मोठ्या गावातलं. तिथं आठवड्याचा बाजार होता, एस.टी. होती, आणि पंचमी आली की दहा गल्ल्यांच्या पोरी फेर धरायला जमत. त्या फेरात गाणं उचलणारी चतुरा होती. तिचा आवाज गावाच्या वेशीपर्यंत जातो असं तिची आई कौतुकानं म्हणायची आणि बाप काळजीनं. मग तिचं लग्न झालं आणि ती या उतारावर आली. पाण्याचा दुष्काळ इथं तीन-चार वर्षांनी फेरी मारायचा. माणसांचा मात्र बारमाही होता.

नवरा राधाकिशन सोन्यासारखा माणूस. दारू नाही, मारणं नाही, शिवी नाही. फक्त बोलणं म्हणजे त्याच्या जिवावर यायचं. 'जेवता का' विचारलं की मान हलवायचा, आणि ती मान हो म्हणून हलली की नाही म्हणून, हे ओळखण्यातच चतुराबाईची पहिली दोन वर्षं गेली. तो वारला तेव्हाही कुणाला हाक न मारता, बाजेवर पडल्या पडल्या गेला. धर्मराज मांजरसुंब्याला राहून काळीपिवळी चालवायचा. त्यानं आईला नेलं होतं एकदा. ढाब्यामागची खोली, दिवसभर ट्रकचे हॉर्न, आणि सून शिवणाच्या कामावर गेलेली. पंधरवड्यात चतुराबाई परत आली. "तितं मानसं लई," ती म्हणाली, "पन सगळी जानारी."

तेव्हापासून ती आणि तांबू. बोलायचं ते तांबूशी, भांडायचं ते तांबूशी, आणि पंचमीला गाणी म्हणायची तीही गोठ्यात, तांबूच्या पुढ्यात. ती गाणी आता दुनियेत एका गायीलाच पाठ असतील असं तिला वाटायचं.

छावणी कडा गावाच्या अलीकडं, रस्त्याच्या खालच्या माळावर पडली होती. तिथल्या एका दूध संस्थेनं ती चालवायला घेतली होती. संस्थेचे चेअरमन विठ्ठलराव हे तसे भले गृहस्थ, पण भोंग्याचे शौकीन. सकाळी चारा आला की ते स्वतः माईक धरायचे आणि "पशुपालक बंधू आणि भगिनींनो" इथून सुरुवात करून उसाच्या वाढ्याच्या पेंढ्यांपर्यंत पोचायला चांगला वेळ लावायचे. जनावरं तेवढा वेळ हंबरत राहायची. माळावर दावणीमागून दावणी होत्या. वर कुणाचं शेडनेट, कुणाच्या जुन्या साड्या जोडून केलेली सावली. प्रत्येक दावणीच्या मागं त्या त्या घराचं बिऱ्हाड होतं: तीन दगडांची चूल, एक बाज, पाण्याची टिपं.

चतुराबाईची जागा एका कडेला लागली. शेजारच्या दावणीला बरीच जनावरं आणि त्यांच्यामागं एक उंच, सडसडीत बाई. कपाळ मोकळं, पदर खोचलेला, हातात शेणाचं घमेलं. तिनं चतुराबाईचं पोतं एका हातानं उचलून आत ठेवलं आणि न विचारताच चुलीवर चहा टाकला.

चहा ओतला, आणि कप पुढं करता करता ती थांबली.

"मी बायनाबाई. लिंबाच्या वाडीची. आमी बौद्ध हाव," ती म्हणाली. "आदी सांगितलेलं बरं."

आधी सांगितलेलं बरं असं तिला का वाटत होतं, हे चतुराबाईला समजावून सांगायची गरज नव्हती. सासूच्या हयातीत वस्तीवरच्या गोठ्यात वळचणीला एक वेगळी कपबशी अडकवलेली असायची. सासू गेल्यावरही ती काही दिवस तशीच होती आणि चतुराबाईनंच तशी ठेवली होती. ते तिला आत्ता, या माळावर, घशाला कोरड पडलेली असताना आठवलं आणि तिचे कान गरम झाले. तिनं कप घेतला, मोठा घोट घेतला आणि तिला काही सुचेना म्हणून म्हणाली, "साखर कमी पडली, बाई."

बायनाबाईनं तिच्याकडं नीट बघितलं. मग ती हसली ती अशी, की पलीकडच्या दावणीवरची माणसं वळून बघू लागली.

"उद्या तुमची साखर आना," ती म्हणाली. "दानत बघू तुमची."

त्या दिवसापासून चतुराबाई जी बोलायला लागली ती थांबेना. चाळीस वर्षांचं साठलेलं बोलणं होतं ते. शेण काढताना बोलायची, टँकरच्या रांगेत बोलायची, कुट्टी भिजवताना बोलायची. बायनाबाईचा नवरा ज्ञानोबा एक दिवस हात जोडून म्हणाला, "वैनी, जरा दम खा. बैल रवंथ करायचं इसरून ऐकत बसल्यात." यावर तिनं ज्ञानोबालाच तासभर ऐकवलं. पण ती रागावली नव्हती. तिला कुणीतरी थट्टेत धरलं होतं, आणि थट्टा ही माणसांतल्या माणसाचीच होते, हे तिला आतून कळत होतं.

दिवस कलला की छावणीचं रूप पालटायचं. कामं उरकलेली, ऊन उतरलेलं. बापे माणसं लिंबाखाली पत्ते कुटत. ज्ञानोबा ढोलकी काढी. तरुणपणी त्याची आणि बायनाबाईची गायन पार्टी होती. चौदा एप्रिलला गावोगावची बोलावणी यायची. आता पार्टीतले निम्मे पुण्याला गेले होते, पण नवरा-बायको होते आणि ढोलकी होती. बायनाबाई बाबासाहेबांची गाणी म्हणायला लागली की पत्तेवाले पान हातात तसंच धरून बसत. चतुराबाई आधी गायीच्या आडून ऐके. मग गायीच्या अलीकडून. मग एके दिवशी ती ढोलकीच्या शेजारी मांडी घालून बसलेली दिसली आणि चुकीच्या जागी टाळ्या वाजवत होती.

श्रावण लागला तरी माळ तसाच पिवळा होता. पंचमी आली तेव्हा बायकांनी ठरवलं की छावणी असली म्हणून काय झालं, सण तो सण. चिंचेच्या फांदीला चऱ्हाटाचा झोका बांधला. फेर धरायला बायका जमल्या, हातात हात घेतले आणि सगळ्या एकमेकींच्या तोंडाकडं बघू लागल्या. गाणं कुणाला येत होतं? पोरींना येत होती ती मोबाईलवरची. म्हाताऱ्यांना आठवत होत्या त्या एकेक ओळी, बिनमुंडक्याच्या.

"मला येतं," चतुराबाई म्हणाली. तिचं तिलाच नवल वाटलं.

तिनं गाणं उचललं. आवाज पहिल्या ओळीला फाटला, दुसऱ्या ओळीला थरथरला, आणि तिसऱ्या ओळीला असा लागला की टँकरच्या रांगेतली भांडणं थांबली. फेर फिरू लागला. तेवढ्यात माळाच्या कडेला मोठा हंबरडा ऐकू आला. तांबू दाव्याला हिसके देत होती. हे गाणं गोठ्याबाहेर, एवढ्या बायकांत चाललंय आणि आपल्याला बोलावलं नाही, हे तिला काही पटलेलं दिसत नव्हतं. कुणीतरी हसत हसत तिला सोडून आणलं आणि ती फेराच्या कडेला येऊन उभी राहिली, पाहुणीसारखी.

चौथ्या कडव्याला चतुराबाई अडली. पुढची ओळ गेली ती गेलीच. फेर थांबणार, एवढ्यात शेजारून बायनाबाईनं ओळ टाकली. त्याच चालीत, त्याच वजनात, पण त्यात भाऊ नव्हता की माहेर नव्हतं. त्यात टँकर होता आणि टँकरपुढं हंडा आपटणारी जाऊ होती. गायन पार्टीची सवय. ओळ सापडली नाही तर ती जागेवर करायची. बायका हसून हसून वाकल्या. पुढची ओळ चतुराबाईनं केली, विठ्ठलरावांच्या भोंग्यावर. त्याच्या पुढची बायनाबाईनं. दोघींनी मिळून अख्खी छावणी त्या गाण्यात कोंबली. विठ्ठलराव ऑफिसच्या पत्र्याखाली उभे राहून ऐकत होते आणि आपलं नाव आलं तेव्हा त्यांनी मिशीवरून हात फिरवला.

मग सगळ्यांनी धरून चतुराबाईला झोक्यावर चढवलं. साठीला टेकलेली बाई, नको नको म्हणत चढली आणि नंतर उतरायला तयार होईना. सासरी आल्यापासून तिनं पंचमीचा झोका घेतला नव्हता. झोका वर गेला की तिला सगळा माळ दिसायचा: दावणी, साड्यांची छपरं, चुलींचा धूर. ती सुखी होती. दुष्काळात, दुसऱ्याच्या माळावर, शेणामुताच्या वासात ती सुखी होती, आणि हे आपण कुणाला सांगू नये असं तिला वाटलं.

पंचमीनंतर थोड्याच दिवसांनी तांबू गेली. रोग नाही, दुखणं नाही. वयच झालं होतं. सकाळी चतुराबाई पाणी घेऊन गेली तर तांबू मान टाकून पडलेली, डोळे उघडे. संस्थेच्या डॉक्टरनं हात लावून बघितलं आणि चतुराबाईच्या खांद्यावर थोपटलं. माळाच्या टोकाला खड्डा घेतला, हळदीकुंकू वाहिलं, बायनाबाईनं ओंजळभर माती टाकली.

चतुराबाई रडली. रडता रडता तिला मध्येच कळलं की आपण एकट्या गायीसाठी रडत नाही. जनावर असेल तरच छावणीत जागा. गाय गेली म्हणजे हा माळ गेला, चिंच गेली, संध्याकाळ गेली, बायनाबाई गेली. पोटच्या लेकरासारखी गाय मातीत आणि आपल्याला मात्र आपल्या जागेची पडलीय, याची तिला भयंकर लाज वाटली. ती पदरात तोंड घालून बसली आणि कुणाशी बोलेना. छावणीला तिचं न बोलणं सोसेना.

दुपारी विठ्ठलराव स्वतः आले, भोंगा न वापरता. टोपी काढून हातात धरली.

"बाई, घाई न्हाई," ते म्हणाले. "दोन दिवस ऱ्हावा. पन नियम... वरून तपासनी येती. मानूस हाय आन जनावर न्हाई म्हनलं की आमची छावनीच बंद पडायची."

"मला कळतंय, आप्पा," ती म्हणाली. "तुमच्यावर बालंट नगं."

धर्मराजला फोन गेला. तो दुसऱ्या दिवशी जीप घेऊन आला. आईला आता मांजरसुंब्याला न्यायचं, असं त्यानं ठरवूनच टाकलं होतं. चतुराबाईनं विरोध केला नाही. पातेली-परात पोत्यात भरली. एकेक बाई येऊन भेटून जात होती. बायनाबाई मात्र आली नाही. ती सकाळपासून आपल्या दावणीला घमेली आदळत होती आणि ज्ञानोबावर विनाकारण डाफरत होती.

पोतं जीपमध्ये चढलं, तेव्हा ती आली. तिच्या हातात दावं होतं आणि दाव्याला एक कालवड, काळीभोर, कपाळावर ठिपका असलेली, ओढली जात असूनही चारी पायांनी माती धरून बसलेली.

"ही घ्या," बायनाबाई म्हणाली. "अर्धलीनं."

अर्धल म्हणजे काय हे आमच्याकडं पोरालाही कळतं. ज्याच्याकडं जनावर आहे पण चारा-हात पुरत नाहीत, त्यानं ते दुसऱ्याला पाळायला द्यायचं. जनावर दोघांचं होतं. पहिलं वासरू मालकाचं, दुसरं पाळणाऱ्याचं. दुसऱ्या वासरानं दूध तोडलं की गाय मालकाच्या दारी परत, आणि व्यवहार मिटला. गावोगावी अटी थोड्या बदलतात. पण एक गोष्ट सगळीकडं एकच असते: अर्धलीचं जनावर पाळणाऱ्याच्या दावणीला, त्याच्याच नावानं उभं असतं, आणि त्यात कुणाचे कुणावर उपकार नसतात.

चतुराबाईनं मान फिरवली. "मला दया नगं."

"दया?" बायनाबाईचा आवाज चढला. "दया कुनाला येतीय तुमची? छावनीत एका घराला पाच जनावरं. माजी सहा. ही सहावी. हिच्या कानाला छावनीचा बिल्ला न्हाई का हिला चारा न्हाई. पाचांच्या तोंडचं काढून हिला घालतीय मी, अन् पाचीच्या पाची बरगड्या काढून उभी हायती. सगळ्या छावनीला ठावं हाय. इचारा."

सगळ्या छावणीला ठाऊक होतं हे खरं. विठ्ठलराव रोज त्या दावणीपाशी आले की आभाळाकडं बघत पुढं जायचे. चतुराबाईलाही ठाऊक होतं. ती कालवडीकडं बघत राहिली. खरंच वाळली होती. तिचा हात आपोआप कालवडीच्या गळ्याखाली गेला, आणि मग बाई जागी झाली.

"दूध कुनाचं?" तिनं विचारलं.

"पाळील त्याचं."

"चीक?"

"चीक अर्धा माजा."

"चीक अर्धा कावून? रात-दिस उठबस मी करनार, आन् खरवस तू खानार?"

'तुम्ही'चं 'तू' झालं, ते दोघींच्याही ध्यानात आलं नाही. बघता बघता भोवती माणसं जमली. पत्ते टाकून बापे आले. दोघींचा असा कडाक्याचा सौदा चालला की नवख्याला वाटावं, दोन वैरिणी आहेत. शेण कुणाचं? छावणीत आहे तोवर संस्थेचं, वस्तीवर गेल्यावर पाळणारीचं. आजार-बिजार आला तर? निम्मं निम्मं. घुंगूर कुणी बांधायचा? मालकिणीनं. ज्ञानोबा मध्येच म्हणाला, "अगं, जाऊ दे की चीक," तर दोघी एकदम त्याच्या अंगावर गेल्या आणि तो ढोलकीमागं जाऊन बसला.

"आन् मालकीन जनावर बघायला येनार," बायनाबाई म्हणाली. ही शेवटची अट होती, आणि ती सांगताना तिचा आवाज जरासा खाली आला. "छावनी उठल्यावर बी. मला वाटंल तवा. माजं अर्धं हाय त्यात. न्हाई म्हनायचं न्हाई."

चतुराबाईनं कालवडीची मान खाजवली.

"ये," ती म्हणाली. "चीक मात्र पाव देईन."

विठ्ठलरावांना साक्षीला उभं केलं. दोघींनी दाव्याला हात लावला. विठ्ठलरावांनी कालवडीच्या कपाळाला गुलाल लावला, आणि सहाव्या जनावराचा घोर एकदाचा गेला म्हणून त्यांच्याही चेहऱ्यावर उजेड पडला. धर्मराज जीपला टेकून हे सगळं बघत होता. आपली आई भांडते कशी, तिच्या गालावर रंग चढतो कसा, चार माणसांत तिचं नाणं वाजतं कसं, हे त्यानं कधी पाहिलंच नव्हतं. त्याला आठवत होती ती गोठ्यात पुटपुटणारी बाई. त्यानं जीपमधलं पोतं उतरवलं आणि पुन्हा त्या साडीच्या सावलीखाली नेऊन ठेवलं.

भादव्यात पावसानं थोडी लाज राखली आणि छावणी उठली. एका दिवसात माळ मोकळा झाला. बायका गळ्यात पडून रडल्या, येऊ-जाऊ म्हणाल्या. चतुराबाई कालवड घेऊन वस्तीवर आली. धर्मराजनं सोप्यावर पत्रे टाकून दिले होते. घर कोरडं होतं, कालवडीला गवत होतं, आणि संध्याकाळ झाली की काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. आधी चाळीस वर्षं हेच शांतपण तिनं सोसलं होतं. आता ते तिला सोसवेना. छावणीतली माणसं छावणीपुरती, असं तिनं स्वतःला समजावलं आणि ते तिला मुळीच समजलं नाही.

मग एक दिवस उतारावरून उंच, सडसडीत आकृती येताना दिसली. मागं आणखी दोन बायका होत्या, छावणीतल्याच. बायनाबाईनं चतुराबाईकडं बघितलंसुद्धा नाही. सरळ कालवडीपाशी गेली, बरगड्या चाचपल्या, कान उलटून बघितले.

"वाळवली माजी कालवड," ती म्हणाली.

"डोळं फुटलं का तुजं? निम्मी माजी हाय, तेवडीच वाळलीय. तुजी निम्मी बघ कशी गुबगुबीत हाय!"

दोघी हसायला लागल्या आणि थांबता थांबेनात. त्या दिवशी वस्तीवर पहिल्यांदा दुसऱ्या बाईचं गाणं झालं.

पुढं हे असंच चाललं. बायनाबाई मालकीण म्हणून यायची. कधी ज्ञानोबा, कधी ढोलकी, कधी छावणीतल्या आणखी कुणी. आमच्याकडं कष्टाची बाई 'सहज आले' म्हणून कुणाच्या दारी जात नाही. लोक विचारतात, काम काय होतं? बायनाबाईकडं सांगायला काम होतं. चतुराबाईकडं नव्हतं. ती लिंबाच्या वाडीला एकदाही गेली नाही. निमित्त नव्हतं हे एक. आणि खालच्या आळीत तिच्यासारखी बाई पाय ठेवते तेव्हा दोन्हीकडचे डोळे वळतात, हे दुसरं. ज्ञानोबा तापानं पडला तेव्हाही तिनं धर्मराजच्या हाती लिंबं आणि निरोप पाठवला. बायनाबाई त्याबद्दल कधी बोलली नाही. ती बोलली नाही हेच चतुराबाईला टोचायचं.

कालवडीची गाय झाली. पहिला गोऱ्हा झाला, तो ठरल्याप्रमाणे बायनाबाई घेऊन गेली, चिकाच्या वाटणीवरून यथासांग भांडून. दुसऱ्या वेताला काळी कालवड झाली, तीही कपाळावर ठिपका घेऊनच. ती चतुराबाईची. तिनं दूध तोडलं, आणि व्यवहार पुरा झाला.

बायनाबाई गाय न्यायला आली ती एकटीच. दोघी जेवल्या. बोलल्या कमी. बायनाबाईनं दावं सोडलं, गायीच्या पाठीवर थाप मारली.

"मिटलं बाई," ती म्हणाली.

"मिटलं," चतुराबाई म्हणाली.

बायनाबाई गाय घेऊन उतारानं खाली गेली. गाय मागं वळून हंबरत होती. बायनाबाई वळली नाही. चतुराबाई त्या दोघी टेकडीआड होईपर्यंत उभी राहिली. आता बायनाबाईला यायला काम नव्हतं.

चार दिवस चतुराबाईनं कसे काढले ते तिचं तिलाच माहीत. पाचव्या दिवशी सकाळी तिनं नवं लुगडं नेसलं, कालवडीला दावं लावलं आणि धर्मराजला फोन करून टेम्पो बघायला सांगितला. "कुठं जायचंय?" तो म्हणाला. "कामाला," ती म्हणाली.

लिंबाच्या वाडीला टेम्पो वरच्या अंगाला, मारुतीच्या पारापाशी थांबला. पारावरच्या म्हाताऱ्यानं विचारलं, "कुनाकडं, बाई?" चतुराबाईनं सांगितलं. म्हाताऱ्यानं तिच्याकडं बघितलं, कालवडीकडं बघितलं आणि खाली उतरणारी वाट दाखवली. तिनं दावं दोन्ही हातांनी धरलं होतं. कालवड मात्र खुशाल चालत होती. निळ्या झेंड्याची कमान आली, हातपंपावरच्या बायका हंडे धरून थांबल्या, विहाराच्या पायरीवर बसलेली पोरं उठून उभी राहिली. तिनं पदर सावरला आणि कमानीखालून पुढं गेली.

बायनाबाई दारात ज्वारी पाखडत होती. चतुराबाईला बघून सूप तिच्या हातातच राहिलं.

"ही घे," चतुराबाई म्हणाली. आवाज मोठा लागला, साऱ्या आळीला ऐकू जाईल असा. "अर्धलीनं. माजी कालवड हाय. गवताला मी पुरी पडत न्हाई आता."

ते धादांत खोटं होतं. वस्तीवर त्या वर्षी कमरेएवढं गवत होतं, आणि चारच दिवसांपूर्वी बायनाबाई ते डोळ्यांनी बघून गेली होती. बायनाबाईनं सूप खाली ठेवलं. बराच वेळ ती कालवडीच्या कपाळावरच्या ठिपक्याकडं बघत होती.

"दूध कुनाचं?" तिनं विचारलं.

"पाळील त्याचं."

"चीक?"

"अर्धा माजा."

"आन् मालकीन बघायला कवा कवा येनार?"

"वाटंल तवा," चतुराबाई म्हणाली. "पन आदी मला घरात तर घे, बायना. कवाची दारात उभी हाय मी."